झटपट मावशी आणि पेंटरकाकांचं बटण

नोकरीला लागली तेव्हा ती धड विशीचीही नव्हती, आणि पहिल्याच दिवशी पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी तिला "ओ मावशी" अशी हाक मारली. ही मावशी कोण बाबा, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. दवाखान्यात रुग्णांचं सगळं बघणारी बाई असेल तर ती मावशी आणि पुरुष असेल तर तो मामा, त्यात वयाचा काही संबंध नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढे तिचं लग्न झालं, लेक झाली, ती लेक शिकून परगावी नोकरीलाही गेली. पण मावशी ही पदवी तिला या सगळ्याच्या आधीच मिळालेली होती. सख्ख्या बहिणीला मुलगा झाला तेव्हा घरातले म्हणाले, आता तू मावशी झालीस. ती म्हणाली, मी कधीचीच आहे.

'झटपट' हे विशेषण मात्र तिने स्वतःच्या हिमतीवर कमावलं. तिची उमेदीची वर्षं मोठ्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेली. तिथे सुई, सलाइन आणि औषधं सिस्टर बघायच्या. उरलेला सगळा माणूस मावशीच्या वाट्याला यायचा. त्याचं तोंड धुवायचं, अंग पुसायचं, भांडं द्यायचं आणि काढायचं, कूस बदलायची, पाठीला लाली येत नाही ना ते बघायचं, ताप मोजायचा, चार घास भरवायचे आणि वर त्याच्या बायकोची समजूत काढायची. रुग्ण पलंगावर असतानाच त्याच्या खालची चादर बदलण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, तिच्या मागोमाग नवी सरकवायची, दुसऱ्या कुशीवर वळवायचं, की झालं. एकदा एका गृहस्थांनी सगळं आटोपल्यावर विचारलं, "मावशी, चादर कधी बदलणार?" तेव्हापासून ती झटपट मावशी झाली.

मधली काही वर्षं ती लहान मुलांच्या वॉर्डात होती. तिथे भोकाड पसरलेल्या पोराला कळायच्या आत त्याचा सदरा बदललेला असायचा आणि रडायचं कशासाठी हेच ते विसरून जायचं. मग एका श्रीमंत आजीबाईंच्या घरी ती दिवसभराच्या कामाला राहिली. आजीबाईंच्या उशाशी एक पितळी घंटी होती. त्यांनी घंटीला हात लावायचा अवकाश, मावशी दारात हजर. शेवटी आजीबाईंनीच तिला जवळ बसवून सांगितलं की बाई, जरा उशिरा येत जा, मला घंटी वाजवायला आवडते. मावशीने प्रयत्न केला, पण तिचे पाय ऐकेनात. तिने काम सोडलं ते याच कारणाने, असं ती सांगायची. आजीबाईंची आवृत्ती कुणी ऐकलेली नाही.

घरीही हाच कारभार. नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळी तो नुसता हात पुढे करायचा आणि त्या हातात रुमाल यायचा, मग चष्मा, मग किल्ली. आपल्या घरात रुमाल कुठे ठेवतात हे त्या भल्या माणसाला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही त्याला माहीत नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. त्यांची खुर्ची खिडकीशी होती आणि तिथून त्या राज्य करायच्या. त्यांना तहान लागायच्या आत पाणी पुढ्यात असायचं, त्यामुळे पाणी मागण्याचं सुखही त्यांना कधी मिळालं नाही. मग त्या ते थंड आहे, कोमट आहे, गार झालंय अशा तक्रारींवर भागवायच्या.

वय वाढलं तशी मावशीची कंबर कुरकुरायला लागली. जड माणसं उचलायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तिने मोठा दवाखाना सोडून घराजवळचं पुनर्वसन केंद्र धरलं. ज्यांचा आजार सरलाय पण हातपाय अजून पूर्वीसारखे चालत नाहीत, अशी माणसं तिथे काही आठवडे राहायची आणि पुन्हा उठायला, चालायला, जेवायला शिकायची. इमारत बैठी, खोल्या स्वच्छ, भिंतीला कंबरेच्या उंचीवर लाकडी कठडे. वॉर्डातली धावपळ करून आलेल्या मावशीला ते एखाद्या सुट्टीच्या ठिकाणासारखं वाटलं. इथे काय अवघड आहे, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा रुमालाची वाट बघत हो म्हणाला.

पेंटरकाका तिथे आले ते चाकांच्या खुर्चीतून. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. एका मिठाईच्या दुकानाची पाटी रंगवतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि अर्धी अक्षरं वर तशीच ठेवून ते खाली बसले. जीव वाचला, बोलणंही जड झालं तरी राहिलं, पण उजवा हात आणि उजवा पाय रुसले. हात तर पाट्या रंगवणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहायचे. आल्या दिवशी त्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी बराच वेळ न्याहाळली आणि मावशीला बोलावून सांगितलं की जमलं तर मला दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून झोपवा. या अक्षरांकडे बघून माझा झटका परत येईल. मावशी इतकी हसली की शांतता राहिली नाही.

अशा माणसावर मावशीची माया बसायला वेळ लागणार नव्हताच. सकाळी काका डोळे उघडायचे तोवर गरम पाणी तयार असायचं. तोंड धुऊन, अंग पुसून, दाढी करून, शर्टाची सगळी बटणं लावून, केसांचा भांग पाडून ती त्यांना खुर्चीत बसवायची. काकांनी नुसते हात पुढे करायचे, की बाह्या आपोआप चढायच्या. मग व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ मॅडम यायच्या. मॅडम वयाने मावशीच्या लेकीएवढ्या, कामाला चोख आणि बोलायला थोड्या. नटूनथटून बसलेले काका बघून त्या खूश व्हायच्या. कठड्याला धरून चार पावलं टाकून घ्यायच्या, हाताचे व्यायाम करून घ्यायच्या आणि पुढच्या खोलीत जायच्या. काका रोज कपडे आपले आपण घालतात अशी त्यांची समजूत, कारण तसंच ठरलं होतं. मावशीला ते पहिल्याच दिवशी सांगितलंही होतं. पण हातपाय लुळे पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला बटणांशी झगडत ठेवायचं आणि आपण धडधाकट बाईने शेजारी उभं राहून ते बघायचं, हे मावशीला काही नीट ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे कानांनी ऐकलं होतं; हातांपर्यंत ते पोचलं नव्हतं.

काकांची लेक लांबच्या शहरातून दर रविवारी यायची. बापासाठी जीव टाकणारी मुलगी. फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची, कारण बाबांना झटका आल्याची बातमी अशाच एका फोनने आली होती. तिच्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम होता. तिथे एक जागा रिकामी होती आणि ती महिनाअखेरपर्यंत राखून ठेवायला तिने सांगितलं होतं. काकांना तिथे जायचं नव्हतं. त्यांना आपल्या घरी जायचं होतं, आपल्या गल्लीत, जिथल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच हातच्या होत्या. लेकीने सरळ सांगितलं होतं की बाबा, तुम्ही स्वतःचं स्वतः करू शकलात तर मी आडवी येणार नाही. नाही करू शकलात तर मला रात्री झोप लागेल असं करा.

तर त्या रविवारी मॅडमनी लेकीला समोर बसवलं. काकांना पलंगाच्या कडेला बसवलं, घडी केलेला शर्ट मांडीवर ठेवला आणि घाला म्हणाल्या. काकांनी शर्टाकडे पाहिलं. मग त्यांनी चालता डावा हात वर केला, न चालणारा उजवा जमेल तेवढा उचलला आणि अगदी सवयीने, गोड चेहऱ्याने, दोन्ही हात पुढे करून ते वाट बघत बसले.

मावशी दाराशी उभी होती आणि तिचे हात निघालेच होते. मॅडमनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ते थांबले. काका पाच वर्षांच्या मुलासारखे हात पुढे धरून बसलेले, आणि लेकीचे डोळे भरून आलेले. मग ती उठली, बाबांना शर्ट घातला, बटणं लावली, आणि बाहेर जाऊन वृद्धाश्रमाला फोन केला की आम्ही नक्की येतो आहोत.

मॅडम मावशीला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि काका शर्ट कधीपासून स्वतः घालत नाहीत असं विचारलं. मावशी अभिमानाने सांगायला निघाली होती की आल्यापासून मी त्यांना एवढासाही त्रास होऊ दिलेला नाही. वाक्य अर्ध्यावर आल्यावर आपण काय बोलतो आहोत ते तिचं तिलाच ऐकू आलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात तुम्ही केलंत म्हणून माणसं बरी झाली, मावशी. इथे तुम्ही केलंत की ती बरी होत नाहीत." माझंही चुकलं, मी तुमच्या विश्वासावर राहून स्वतः बघितलं नाही, असंही त्या म्हणाल्या. पण मावशीच्या डोक्यात एवढंच राहिलं की या माणसाला घराबाहेर काढायला दुसरं कुणी नाही, आपलेच हात कारण झाले.

ती काकांकडे गेली तेव्हा ते भिंतीकडे बघत पडले होते, त्याच पाटीकडे. मावशीने माफी मागितली. काका म्हणाले, तुमचा काय दोष, मलाच छान वाटत होतं. आई गेल्यापासून कुणी माझा भांग पाडला नव्हता. यावर मावशी बाहेर जाऊन चादरींच्या खोलीत रडली, आणि रडता रडता तिने तिथल्या सगळ्या उशांचे अभ्रे बदलले.

मॅडमनी लेकीशी पुन्हा बोलून एक संधी मिळवली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी काकांना त्यांच्याच घरी न्यायचं. तिथे ते एकट्याने उठतील, कपडे घालतील आणि चहा करून दाखवतील. जमलं तर तिथेच राहायचं, फक्त सकाळी तासभर कुणी मदतीला येईल. नाही जमलं तर बॅग गाडीतच असेल आणि गाडी तिथून थेट वृद्धाश्रमात जाईल. लेक कबूल झाली, पण तिच्या आवाजात काही आशा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मावशीची शाळा सुरू झाली. काकांची नव्हे, मावशीची. लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला; काढताना उलट. उठताना पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, मग उभं राहायचं. हे सगळं काकांनी करायचं आणि मावशीने खोलीत हजर राहून, काका पडणार नाहीत एवढंच बघत, काहीही करायचं नाही. हातावर हात ठेवून बसण्याचा पगार मिळतोय, असं तिने घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना अशा नोकऱ्या आपल्या काळी का नव्हत्या याचं वाईट वाटलं.

पहिल्या सकाळी काकांना एक बाही सापडायला एवढा वेळ लागला की मावशीला घाम फुटला. तिने हात पाठीमागे बांधले, ते सुटले. तिने ते ॲप्रनच्या खिशात घातले. ते बाहेर आले. ती हातांवर बसली, मुंग्या आल्या. शेवटी मॅडमनीच धुऊन वाळलेल्या क्रेप बँडेजचा ढीग तिच्या मांडीवर आणून टाकला आणि गुंडाळत बसा म्हणाल्या. मग रोज सकाळी तोच देखावा असायचा. पलंगाच्या कडेला काका डाव्या हाताच्या बोटांनी बटणाला काजात ढकलताहेत, बटण दुसरीकडे पळतंय, काका त्याला निवडक शिव्या देताहेत, आणि समोर स्टुलावर मावशी ओठ घट्ट मिटून बँडेज गुंडाळतेय. बटण जितकं नाठाळ, तितकी गुंडाळी घट्ट. ती बँडेज उलगडायला नंतर सिस्टरना आणखी दोघींची मदत लागायची.

काका पाट्यांच्या गोष्टी सांगायचे. एका न्हाव्याने पाटीवर स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि त्यात केस जास्त दाखवायला लावले. एका डॉक्टरांच्या पदव्या पाटीत मावेनात म्हणून दरवाजा रुंद करावा लागला. बोलण्याच्या नादात बटण कधी कधी आपसूक लागायचं, आणि मग दोघंही क्षणभर त्याच्याकडे बघत राहायची.

एकदा मात्र घोटाळा झाला. सगळी बटणं लागली होती, गळ्याजवळचं वरचं तेवढं राहिलं होतं, आणि काकांना नेमकी शिंक आली. शिंकताना त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बटण लागलेलं होतं आणि मावशी स्टुलावर बँडेज गुंडाळत बसलेली होती. काकांनी बटणाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, लागलं वाटतं. काकांनी ते बटण सोडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. मावशीला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी मॅडमसमोरही वाटली नव्हती. त्यानंतर तिने काकांच्या बटणाला हात लावला नाही.

घरीही या शाळेचे परिणाम दिसायला लागले. एका सकाळी नवऱ्याने हात पुढे केला आणि हातात काहीच आलं नाही. त्याने हात मागे घेऊन पुन्हा पुढे केला. बायको आजारी आहे की काय, म्हणून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मावशीने सांगितलं की रुमाल कपाटात आहे. कोणत्या कपाटात, असं त्याने विचारलं, आणि घरात कपाट एकच असल्याचं त्याला त्या दिवशी समजलं. सासूबाईंचं पाणी यायला उशीर झाला तेव्हा त्यांनी आधी उसासे टाकले, मग शेजारणीला हाक मारून सुनेच्या नोकरीने सुनेची बुद्धी कशी फिरली ते सांगितलं, आणि एवढं बोलून घसा सुकल्यावर उठून स्वतःच पाणी घेतलं. परत येताना त्या खुर्चीकडे न जाता दाराशी गेल्या. रस्त्यावर काय चाललंय ते खिडकीपेक्षा तिथून जास्त चांगलं दिसतं, असा शोध त्यांना लागला, आणि तेव्हापासून गल्लीत कुणाचं काही लपून राहिलं नाही.

शेवटचा रविवार उजाडला. गाडीत पुढे लेक, मागे काका, मावशी आणि मॅडम, आणि डिकीत बॅग. गाडीत कुणी बॅगेचं नाव काढत नव्हतं. गल्लीत शिरताना काकांनी एका शेजाऱ्याच्या दुकानाची पाटी दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेली पाहिली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

घर तळमजल्यावरचं, गल्लीतून दोन पायऱ्या चढून. काका डाव्या हातात चार पायांची काठी घेऊन चढले. आत बंद घराचा वास होता. लेकीने खिडक्या उघडल्या आणि डोळ्यांतलं पाणी धुळीवर ढकललं. काका आपल्या पलंगावर बसले, आडवे झाले, आणि मॅडमनी खूण केल्यावर उठायला लागले. पहिल्यांदा कलंडून परत बसले. दुसऱ्यांदा पाय मागे घेऊन पुढे वाकले आणि उभे राहिले. शर्ट चढला. बटणं लागली, एक खाली-वर झालं. काकांनी बघितलं, राहू दे म्हणाले, आणि ती फॅशन आहे असं जाहीर केलं.

खरी परीक्षा चहाची होती. मावशीला रात्रभर तीच चिंता होती, कारण चालायला काठी लागते आणि काठीला चांगला हात लागतो. मग कप कोण धरणार? काकांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याच्या टोकाला खिडकीशी खुर्च्या मांडायला लावल्या आणि म्हणाले, "चहा तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही चहाकडे या." मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

काकांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली, कंबर ओट्याला लावली आणि डाव्या हाताने कामाला लागले. गॅस पेटायला तीन खेपा लागल्या. मावशीच्या मांडीवर आज बँडेज नव्हती. तिने पदराचं टोक घेतलं आणि ते गुंडाळायला सुरुवात केली. पाणी, दूध, चहाची पूड; डबा उघडताना झाकण खाली पडलं आणि गोल फिरत लेकीच्या पायाशी आलं. तिने उचललं, पण हातातच ठेवलं. चहा उकळला. आता तो कपात गाळायचा होता. काकांनी कपावर गाळणी टेकवली आणि दांडीचं जड भांडं डाव्या हाताने उचललं. भांडं हवेत डोलायला लागलं आणि गरम चहा त्याच्या काठापर्यंत आला.

लेक उठलीच. तिचे हात पुढे गेले होते, अगदी तसेच, जसे मावशीचे आयुष्यभर जायचे. आणि मावशीने, जिने कधी कुणासाठी एक क्षण थांबणं सहन केलं नव्हतं, तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"बसा, ताई," ती म्हणाली. "मलाही उठावंसं वाटतंय. म्हणून तर तुम्हाला धरलंय."

लेक बसली नाही, पण पुढेही गेली नाही. काकांनी भांडं ओट्याच्या कडेला टेकवलं, श्वास घेतला, आणि टेकवलेल्या जागेवरूनच हळूहळू तिरकं केलं. थोडा चहा ओट्यावर सांडला, बराचसा कपात गेला. मग दुसऱ्या कपात. मग तिसऱ्या, मग चौथ्या. एकेक कप त्यांनी ओट्यावरून बोटाने ढकलत ढकलत खिडकीपर्यंत आणला. मावशीच्या लक्षात आलं की आपण लेकीचं मनगट अजून धरलेलं आहे, आणि लेकीने आपलं धरलेलं आहे.

चहा सगळ्यांनी घेतला. पहिल्या घोटाला तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी मावशीच म्हणाली की काका, साखर राहिली.

काका आपला कप फुंकत होते. "साखर समोरच्या डब्यात आहे," ते म्हणाले. "उठा आणि घ्या."

मॅडमना ठसका लागला. मावशी उठली, साखर घेतली, आणि कुणासाठीही न घालता फक्त आपल्या कपात घालून परत बसली. लेक हसत होती आणि रडत होती, आणि मधेच तिने बाहेर जाऊन फोन लावला. परत आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं की ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यावी. मग तिने गाडीतून बॅग आणली. कपडे कपाटात लावायला तिने बॅग उघडली, तेवढ्यात थांबली आणि ती उघडीच पलंगावर ठेवून बाजूला झाली.

निघायची वेळ झाली. काका म्हणाले, मी दारापर्यंत येतो. कशाला उगीच, असं लेक म्हणणार होती, पण म्हणाली नाही. तिघी पुढे जाऊन गल्लीत उभ्या राहिल्या आणि वाट बघायला लागल्या. आतून काठीचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मावशीचं मन भरून आलं होतं. एका माणसाला आपली गरज उरली नाही याचा तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात कुठेतरी बारीक टोचतही होतं, आणि दोन्ही खरंच होतं. काका दारात आले. या मग, म्हणाले, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

आतून कडीचा खडखडाट झाला. मॅडम म्हणाल्या, "दिवसा कडी लावायची नाही, असं मी त्यांना सांगितलंय."

"आज लावू द्या," मावशी म्हणाली.

कडी घसरली. पुन्हा वर सरकली, पुन्हा घसरली. गल्लीत तिघी बायका बंद दाराकडे कान देऊन उभ्या, आणि जाणारे-येणारे त्यांच्याकडे बघत होते. आत बराच वेळ काही आवाज आला नाही.

"लागली का?" लेकीने विचारलं.

"थांबा," मावशी म्हणाली.

आणि मग ती लागली.